टाचेखालची तीन मिनिटं

मित्रांनो, मी गोल्फचा एक जुना चेंडू. कारखान्यात माझं रबराचं पोट भरलं, वर बारीक खळ्यांची पांढरी कातडी चढली, आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी जेसीबाईंच्या हाती पडलो. त्यांनी माझ्या अंगावर दोन निळे ठिपके काढले. खेळ झाला की त्या मला कोमट पाण्यानं धुवायच्या. "गुणाचा आहे हो माझा," म्हणायच्या.

त्यांची एकच इच्छा होती. क्लबातल्या लाकडी फळ्यावर दरसालच्या विजेतीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहितात, तिथं आपलं नाव एकदा तरी लागावं. गुडघे साथ सोडत होते. हा शेवटचाच हंगाम. आणि अंतिम सामना पडला तो तीस वर्षांच्या मैत्रिणीशी, उनाबाईंशी.

"उने, चारदा नाव लागलंय तुझं. पाचव्यांदा लिहायला रंग तरी उरलाय का गं?"

"तू आधी चेंडू सरळ मार, मग रंगाची काळजी कर!"

शेवटच्या होलपर्यंत, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या शेवटच्या खड्ड्यापर्यंत, दोघी बरोबरीत होत्या. जेसीबाईंनी मला टोलावलं, पण वाऱ्यानं मी भरकटलो आणि उंच गवतात पडलो. सगळे शोधू लागले. तीन मिनिटांत चेंडू मिळाला नाही तर तो हरवला असं धरतात; मग दंड घेऊन पुन्हा मागच्या जागेवरून मारायचं. घड्याळ जेसीबाईंचे यजमान हेक्टर यांच्या हातात होतं.

एवढ्यात उनाबाईंची टाच माझ्यावर पडली. ओल्या मातीत मी पुरता रुतलो. शोधताना चुकून पाय पडला तर कुणालाच दंड नसतो; चेंडू काढून होता तिथं ठेवायचा, एवढंच. पायाखाली काही कडक लागलंय हे उनाबाईंना कळलं. पाय उचलला मात्र गेला नाही.

"दोन मिनिटं झाली," हेक्टर म्हणाले.

"अहो, जरा हळू मोजा की!"

"घड्याळाला कुठं बायको असते?"

मला हाक मारायला तोंड नव्हतं. तीन मिनिटं सरली. जेसीबाईंना दंड पडला आणि उनाबाई जिंकल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चची घंटा वाजत असताना उनाबाई एकट्याच मैदानावर आल्या. त्यांनी बोटांनी मला उकरून काढलं आणि दुपारी जेसीबाईंचं दार वाजवलं.

"हा माझ्या पायाखाली होता, जेसी. मला कळलं होतं. क्लबात सांगून आलेय. नाव तुझंच लागेल."

जेसीबाईंनी मला हातात घेऊन निळ्या ठिपक्यांवरची माती पुसली.

"लागेल गं. पण चहाला थांब, असं आज म्हणवत नाही मला."

आता मी जेसीबाईंच्या खिडकीत असतो. त्या दोघी अजून एकत्र खेळलेल्या नाहीत. मित्रांनो, चूक पायाखाली आली तर लगेच पाय उचला. वेळेत उचललात, तर त्याला दंड नसतो.