कानसेनांचा कॉम्प्युटर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, स्टुडिओत सगळे कानसेन म्हणत. एकतीस वर्षं ते एकाच रेकॉर्डिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. काचेपलीकडचे गाणारे-वाजवणारे बदलत गेले, अलीकडच्या खुर्चीत हे कायम. बारा व्हायोलिनं एकदम वाजत असताना डावीकडून चौथ्याची तार उतरली आहे हे ते पाठमोरे बसून सांगत, आणि तो चौथा तार तपासून मुकाट मान खाली घाली. घरीही तेच. ताई कपडे शिवते. तिच्या मशीनला तेल हवंय हे तिच्याआधी त्यांना कळायचं. कुणी फारच कौतुक केलं तर म्हणायचे, "तानसेन व्हायला नशीब लागतं. कानसेन व्हायला नुसतं गप्प बसावं लागतं."

स्टुडिओचे मालक वारले आणि मुलांना त्या जागेत दुसरं काहीतरी काढायचं होतं. महिन्याभरात भिंतींवरचा फोम उतरला, मशिनं विकली गेली. भाऊजींना हिशेबाचे पैसे आणि निरोपाची भेट म्हणून दोन जुने मायक्रोफोन मिळाले. आठवडाभर ते घरात पाहुण्यासारखे वावरले. मग एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की आता घरूनच काम करायचं. हल्ली लोक आपापल्या घरी गाऊन रेकॉर्ड करतात, त्यातले आवाज जुळवून गाणं नीट बसवून द्यायला कुणीतरी लागतंच. ताईने तोवर शिवणाची खोली रिकामी करून मशीन स्वयंपाकघरात ओट्याला लावलंही होतं. आता फक्त कॉम्प्युटर हवा होता आणि तो निवडायचं काम माझ्यावर आलं, कारण एका विमा कंपनीच्या ऑफिसात दीडशे कॉम्प्युटर माझ्या जिवावर चालतात.

मी जीव ओतून तयारी केली. वहीत रकाने आखले. चाळीस-पन्नास ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज, एका वेळी वाजायचे तर प्रोसेसर कोणता, मेमरी किती, लॅपटॉप बरा की मोठं कॅबिनेट. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आवाज किती करतो?"

त्यांचं बरोबर होतं. स्टुडिओत मशिनं वेगळ्या खोलीत असत. इथे गाणारा, मायक्रोफोन आणि कॉम्प्युटर एकाच दहा बाय बाराच्या खोलीत राहणार. कॉम्प्युटर जितका ताकदीचा तितका तापतो आणि तापला की त्याचा पंखा जोरात फिरतो. पंखा नसलेले छोटे डबे मिळतात, पण पंचवीस ट्रॅकला त्यांना दम लागतो. लॅपटॉप आधी गप्प असतो आणि काम वाढलं की चहाच्या किटलीसारखा फुसफुसायला लागतो. शेवटी ठरलं, ओळखीच्या दुकानदाराकडे जायचं. तो स्वतः कॉम्प्युटर जोडून देतो. त्याने चालू करून दाखवायचे आणि भाऊजींनी ऐकून निवडायचं.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मागच्या बाजूला सुट्या भागांची एक लहानशी खोली होती, तिथे दार लावलं की रस्ता ऐकू येत नसे. ताईही आली होती, ती नवी साडी नेसून आली होती हे मला अजून आठवतं. दुकानदाराने टेबलावर तीन कॅबिनेटं मांडली. भाऊजी स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. स्टुडिओत मोठं काम असलं की ते असेच बसायचे.

पहिला चालू केला, त्याच्यावर कामाचा बोजा टाकला. भाऊजी लगेच म्हणाले, "घरघरतो. पुढचा." खरंच घरघरत होता.

दुसऱ्याचा पंखा शांत होता, पण बोजा टाकल्याबरोबर आतून एक बारीक शीळ सुरू झाली. कानाशी डास यावा तशी, पण न थांबणारी. माझ्या दाताच्या मुळाशी कळ आल्यासारखं झालं. ताईने पदराने कान चोळला. दुकानदार ओशाळून पुढे झाला आणि बटणाकडे हात नेला, तेवढ्यात भाऊजींनी बोट वर करून त्याला थांबवलं. अर्धं मिनिट तरी ते तसेच बसून होते. मग डोळे उघडून हसले. स्टुडिओ बंद झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"हाच," ते म्हणाले. "ह्याला आवाजच नाही."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. तिसरा कॉम्प्युटर त्याने न सांगताच चालू केला. तो खरा शांत होता, खोल कुठेतरी जेमतेम हुंकार. भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. हा खाली गुणगुणतो, म्हणाले, गाण्यात येईल. दुकानदार चाचरत सांगायला लागला की दुसऱ्याला जरा, म्हणजे थोडीशी... ताईने त्याला मध्येच तोडलं.

"ह्यांनी ठरवलं म्हणजे ठरलं," ती म्हणाली.

जिना उतरताना भाऊजी पुढे होते, खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. ताईने माझं मनगट घट्ट पकडलं आणि कुजबुजली की काही बोलायचं नाही. आत्ता कुठे माणूस उठून बसलाय. पुढचं पुढे. मला ते पटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. शीळ पॉवर सप्लायमधून येतेय हे मी ओळखलं होतं. पुढेमागे गुपचूप तो बदलायचा, प्रश्न मिटला. मला त्या वेळी प्रश्न कॉम्प्युटरचाच वाटत होता, की मी तसं मानून घेत होतो, ते आता सांगता येणार नाही.

पहिलं काम गाण्याच्या बाईंनी आणलं. त्या गाणं शिकवतात, स्टुडिओत वर्षानुवर्षं येत असत आणि कानसेनांशिवाय कुणाकडे ध्वनिमुद्रण करणार नाही असं म्हणत. आठ गाणी करायची होती. पहिली तीन त्यांनी लगोलग येऊन गायली. भाऊजींनी खिडकीला रजई टांगली. बाई गात असताना ताई मशीन बंद ठेवून स्वयंपाकघरात हातशिलाई करत बसे.

दोन आठवड्यांनी मी एका रविवारी साफसफाईच्या निमित्ताने गेलो आणि पॉवर सप्लाय बदलला. शीळ ठार बंद झाली. खोली इतकी शांत झाली की मलाच चमत्कारिक वाटलं. दारात उभ्या असलेल्या ताईने डोळे मिटून श्वास सोडला. भाऊजी शेजारीच बसले होते. त्यांनी हेडफोन लावले, पुन्हा कामाला लागले. त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. मी पेचकस पिशवीत टाकला आणि चहा न घेता निघालो.

मग बाईंचा निरोप आला. गाणी सुरेख झालीत, पण स आणि श फार टोचतात. झांज कानात घुसते. आणि मागे काहीतरी बारीक वाजत राहतं. त्यांनी हे इतक्या आडून आडून सांगितलं की भाऊजींना आधी ती तक्रारच वाटली नाही. त्यांनी पुन्हा बसवून दिलं. दुसरी खेप पहिलीपेक्षा टोचरी निघाली. ते साहजिकच होतं. वरचे सूर त्यांना मंद वाटत, म्हणून ते चढवत, आणि मनाजोगते होईपर्यंत चढवत. त्यांनी स्पीकर बदलून आणले. हेडफोन उसने आणले. रजई काढली, पुन्हा लावली. दुसऱ्या एकाचं आलेलं काम परत गेलं. बाई फोन उचलेनाशा झाल्या.

एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. कॉम्प्युटर सदोष आहे, म्हणाले, आवाज आत जाताना बुजतो. दुसरा निवडायला हवा. "तू वही घेऊन ये," ते म्हणाले.

मी वही घेऊन गेलो. लाज वाटते सांगायला, पण मी खरोखर नवे रकाने आखले होते. बसल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा दोष दाखवायला बाईंचं पहिलं गाणं लावलं, अगदी कच्चं, काहीही न केलेलं. त्यांच्या त्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचं चित्र बघायची सोय होती, खाली जाड सूर, वर बारीक. भाऊजींनी ती कधी उघडली नव्हती, गाणं काय बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी ती उघडली. माझ्यात बोलायची हिंमत नव्हती, म्हणून चित्राला पुढे केलं.

बाईंचा आवाज पडद्यावर ढगासारखा उमलत-मिटत होता. आणि त्याच्या कितीतरी वर, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, एक सरळ पांढरी रेघ.

"ही कसली?" भाऊजींनी विचारलं.

त्यांनी आवाज वाढवला. हेडफोन काढले, स्पीकरवर लावलं, कान स्पीकरला टेकवला. मग बाकीचे सगळे सूर काढून टाकून फक्त ती रेघ वाजवली. खोलीभर तीच शीळ घुमायला लागली आणि मी नकळत खांदे आखडले. त्यांनी ते पाहिलं. ऐकलेल्यात आणि पाहिलेल्यात चार बोटांचं अंतर असतं म्हणतात. त्यांनी ते माझ्या खांद्यांवर पाहिलं.

त्यांनी ताईला हाक मारली. ती हातातलं कापड घेऊनच दारात आली.

"तुला काही ऐकू येतंय?"

ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"दुकानापासून."

भाऊजींनी शीळ बंद केली. म्हणजे रेघ पुसली गेली तेव्हा ती बंद झाली असं त्यांनी धरलं. मग मला विचारलं की दुकानदारालाही ऐकू आली होती का. मी मान डोलावली.

"म्हणजे मी डोळे मिटून बसलो होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही तिघं बघत होतात."

ताई रडायला लागली. तुमचं मन मोडवेना, म्हणाली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या, पण त्यांनी माझ्यासमोरची वही बंद केली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिली, जसं एखाद्याला त्याचं विसरलेलं सामान द्यावं.

कानाच्या डॉक्टरांकडे ते एकटेच गेले. काय झालं ते ताईला कागद वाचून कळलं. वरचे सूर गेलेत, वय आणि इतक्या वर्षांचे मोठे आवाज, दोन्ही मिळून. बोलणं ऐकू यायला अडचण नाही, लागलं तर मशीन मिळेल, पण ते बोलण्यापुरतं. गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांच्या मते हे निदान आठ-दहा वर्षं चालू असावं. हा आकडा भाऊजींना सगळ्यात लागला. आठ-दहा वर्षांत त्यांनी शेकडो गाणी बसवली होती. स्टुडिओतल्या कुणाच्या लक्षात आलं नसेल का? की एखादा मदतनीस ते घरी गेल्यावर गुपचूप वरचे सूर खाली आणत होता आणि सकाळी त्यांना कानसेन म्हणत होता? त्यांनी हे ताईला एकदाच विचारलं. जुन्या सहकाऱ्यांना विचारायला ते गेले नाहीत, कुणाचा फोन आला तर घेत नाहीत.

बाईंकडे मात्र स्वतः गेले. गाणी परत दिली, दुसऱ्या एकाचा पत्ता दिला. बाईंनी अडवलं, चहा ठेवला, म्हणाल्या की तुम्ही आहात तसे बसा, मी सांगेन काय टोचतंय ते. चांगल्या मनाने म्हणाल्या. भाऊजी चहा घेऊन उठले.

कॉम्प्युटर मला घेऊन जायला सांगितला. मी नको म्हणत होतो, तर ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. मी तो नेला. एका अकाउंटंटला विकला, तो त्यावर आकडेमोड करतो आणि मशीन फार चांगलं आहे म्हणतो.

ताईशी माझं बोलणं होतं, पण आम्ही त्या दुपारबद्दल बोलत नाही. एकदाच ती म्हणाली की आपण दुकानातच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, कान तर गेलेच होते. त्यावर ती म्हणाली, "कानांचं नाही बोलत मी." मग कुणीतरी ब्लाऊज न्यायला आलं आणि तिने फोन ठेवला.

गेल्या महिन्यात कळलं की भाऊजींनी नोकरी धरली. मालाच्या शीतगृहात, आलेल्या गाड्यांची नोंद करायची. मी भेटायला गेलो. शेडमध्ये चार मोठे कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतात, शेजारच्या माणसाशीही कानात ओरडून बोलावं लागतं. तिथल्या माणसांनी कानांत कापूस घातला होता, भाऊजींनी नव्हता. मी ओरडून म्हटलं की हे कानांना वाईट आहे, कापूस तरी घाला.

त्यांनी गाडीचा नंबर लिहून घेतला, मग माझ्याकडे वळून ओरडले, "इथं बरं आहे. इथं कुणालाच काही ऐकू येत नाही."

आणि पुढच्या गाडीकडे गेले.