खिडकीकडची बाजू

बल्ब स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की त्यातून एर्नाला पलीकडची स्वतःचीच बोटं दिसत होती – जाड, पेरांत कोळसा मुरलेली – आणि आत तुटलेली तार, केसाएवढी, बल्ब हलला की काचेला लागून बारीक किणकिणणारी. बाकी काही नाही. सत्तावीस वर्षं या बल्बला एक चेहरा होता, आणि आज, नाताळच्या आदल्या सकाळी, खोक्यातले झाडावरचे सगळे दागिने टॉवेलवर न्हाऊन ओळीनं निथळत पडलेले, आणि त्यांत हा एक... नागडा.

"सौले!"

स्वयंपाकघरातलं मळणं थांबलं. सून दारात आली, कोपरापर्यंत पीठ. एर्नानं कालच तिला रिवेलकूखनची, म्हणजे जर्मन केकची, कणीक कशी सैल ठेवायची, वर लोणी-साखरेचा चुरा किती घालायचा, हे अकराव्यांदा सांगितलं होतं. दर वर्षी सांगते. सौले दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकते.

"काय झालं, आपा?" सासूला ती कझाकांच्या रीतीनं आपाच म्हणे.

"धुवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"काजळी किती चढली होती बघितलंत? सोड्याच्या कोमट पाण्यातून काढले नुसते."

"या घरात हे कधी कुणी धुतले नाहीत. शाळेतला रंग होता त्याच्यावर, पाण्याचा रंग! अक्कल गहाण टाकलीस का?"

"चेहरा कुठे दिसत होता, आपा? काळा गोळा झाला होता नुसता."

आणि ती परत कणकेकडे गेली. माफी नाही, रडणं नाही. एर्नाला ते जास्त झोंबलं. थोडी रडली असती तर थोबाडीत देता आली असती.

काळा गोळा! या कोळशाच्या गावात, करागांडात, काळं काय होत नाही? पडदे होतात, बर्फ होतं, खाणीत एकोणतीस वर्षं उतरलेल्या नवऱ्याची फुप्फुसं झाली... चूल कोळशावर चालते, आणि चुलीजवळच झाड उभं राहतं, कारण दुसरीकडे जागा नाही. काजळी म्हणजे काय घाण असते? तिचा प्रत्येक थर म्हणजे एक वर्ष. पुसायचं नसतं ते. पण हे तिला कोण सांगणार, तिचा कझाकांचा सण मार्चमध्ये...

एर्ना स्टुलावर बसली. सवयीनं एकेक दागिना उचलून ती झाडाच्या मागच्या अंगाला, खिडकीकडे लावू लागली. डब्याचा पत्रा कापून केलेली चांदणी – आईची. युद्धात सगळ्या जर्मनांना इकडे हाकललं तेव्हा व्होल्गाकाठचं घर सोडायला आईला एक रात्र दिली होती, काचेचं काही आणता आलं नाही. इथे पहिल्या हिवाळ्यात, जमिनीत खणलेल्या खोपटात, तिनं कात्रीनं ही कापली आणि अंगठ्याची कातडीही कापून घेतली. नियमही तिचाच. जे घरात आहेत त्यांचा दागिना खोलीकडे. जे गेले त्यांचा खिडकीकडे. बाहेरून जाताना त्यांना घर ओळखता यावं, म्हणायची.

मग गेलेच सगळे. काही मातीत, बाकीचे जर्मनीत. नियमात दोघांना फरक नव्हता. नवऱ्याचा काचेचा अंतराळवीर. बहिणीचं, बर्टाचं, काचेचं कणीस – ती दर नाताळला फोनवर हुंदके देते, माझ्या कणसाला मुका दे गं म्हणते. दे की येऊन तू! गरम पाण्याच्या नळाशेजारी बसून रडायला काय जातं? दोन भाऊ, त्यांच्या बायका, शेजारचे श्मिट... सगळे आपली आठवण इथे टाकून गेले आणि राखायला एर्ना. मागची बाजू इतकी जड झाली, की झाड खिडकीवर कलंडतं. ती त्याला सुतळीनं चुलीमागच्या खिळ्याला बांधून ठेवते, ढोर बांधावं तसं.

आणि पुढची बाजू? पुढे तिचं स्वतःचं कापसाचं सफरचंद. नातीचा, डानाचा, चिमट्यानं फांदीला अडकवायचा पक्षी. आणि हा बल्ब.

आर्तुर सात वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात अर्धा वेळ वीज नसायची, दुकानं रिकामी, आणि आहे तो बल्बही उडाला. पोरानं तो फेकू दिला नाही. कानाशी धरून हलवला, म्हणाला, आई, आत कुणीतरी आहे. मग त्याला चेहरा काढला, की बोलेल... सहा वर्षांपूर्वी तो जर्मनीच्या विमानात बसला तेव्हा म्हणाला, दोन वर्षांत कागद होतात, तिघींना बोलावतो. सहा नाताळ तिनं बल्ब पुढेच लावला. तो गेलेला नाही, कामाला आहे, दूर. बर्टानं एकदा विचारलं होतं, कुठल्या बाजूला लावलास गं? तर हिनं फोन आपटला होता.

आणि मागच्या पंधरवड्यात त्याचा फोन. आधी हवामान, मग तब्येत, मग – "आई, मुलगा झालाय." कुणाला, हे एर्नाला एक क्षण कळलंच नाही. "सौलेला तू सांग ना. तुझं ऐकते ती." नालायक! बाळंत दुसरी, आणि सांगायचं मी! तिनं नाही सांगितलं. सांगितलं तर ही पोरीला घेऊन श्यिमकेंतला भावाकडे जाईल, का नाही जाणार, कुणाची कोण लागते मी... मग झाडाच्या पुढच्या बाजूला एक सफरचंद, तेही कापसाचं. पंधरा दिवस ती सुनेच्या ताटात जास्त मांस वाढत होती आणि तोंड शिवून बसली होती. आज बल्ब पुढे लावायचा होता. खोटं असलं तरी. खोटं आहे म्हणूनच.

बल्ब घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"मुद्दाम केलंस तू."

सौलेनं कणकेवर फडकं टाकलं, कडा नीट खोचल्या.

"मलाही फोन आला होता, आपा. त्याचा नाही, त्या बाईचा. तुमच्या आधी एक महिना."

चुलीत कोळसा फुटला. एर्नाला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, पोराला शिवी द्यावी, नाहीतर हिचा हात धरावा, पण हातात बल्ब.

"आणि गप्प राहिलीस?"

"तुम्ही मांस वाढत होतात." सौले किंचित हसली, आणि ते हसू टिकलं नाही. "म्हटलं, खाऊन घ्यावं."

"जाणार तू?"

"कणीक फुगू दे आधी."

हे उत्तर नव्हतं. एर्नाला राग हवा होता, तो पंधरा दिवस पाळलेला, आणि आत हात घातला तर तो होता तिथे नव्हताच... तिनं काचेवर अंगठा फिरवला. इथे डोळे होते. निळे? आर्तुरचे निळे, म्हणजे निळेच काढले असतील. की काळे? रंगपेटीत निळा होता का त्या वर्षी? नाक होतं? तोंड उघडं होतं की मिटलेलं? सत्तावीस वर्षं दर डिसेंबरला हा कागदातून सोडला, लावला, काढला, गुंडाळला, आणि तिला आठवत नव्हतं. ती बाजूच बघत होती. चेहरा बघितलाच नाही.

"एक दात नव्हता," सौले पाठमोरीच म्हणाली. "हसताना पुढचा एक दात नव्हता. त्याचा पडला असेल तेव्हा. पहिल्या वर्षी, लग्न होऊन आले तेव्हा, तुम्ही मला झाडाला हात लावू द्यायच्या नाहीत ना... मी लांबून बघत बसायचे. म्हणून माहीत."

अकरा वर्षं. आणि या झाडावर, पुढेही नाही, मागेही नाही, हिचं काही नाही. हिच्यासाठी काही आणावं, साधी काच, बाजारात मिळते ती, हे एकदाही सुचलं नाही...

विचारायचं होतं – डोळे, सौले, डोळे कसले होते? दोन शब्दांचं काम. पण जीभ उचलेना, कारण उत्तर हिच्याकडे असणार हे आता पक्कं ठाऊक होतं. बल्ब किणकिणला. आत कुणीतरी आहे... एर्ना तशीच उभी राहिली, तो कानाशी न्यायची हिंमत नसलेली, आणि दोन पावलांवर सुनेची पाठ, जवळची, तिनं कधी न पाहिलेली.