वाफेला घाबरणारा सत्यगोल

आमच्या लॉन्ड्रीच्या घडीच्या खोलीत एरवी चादरी असतात. त्या दिवशी माणसं होती. तीसजणांच्या खोलीत साठजण कोंबलेले. धुणारे, वाळवणारे, इस्त्रीवाले, त्यांच्या घरचे, समोरच्या गल्लीतले रिकामटेकडे. घडीच्या टेबलाला कोणी कोपर टेकलं तरी वर्षभर बोंब मारणारे आमचे मुकादम स्वतः त्याच टेबलावर मांडी घालून बसले होते. सगळ्यांच्या नजरा खोलीच्या मधोमध. तिथे पिवळ्या कापडात गुंडाळलेला कमरेएवढा खांब होता, खांबावर चकचकीत गोळा होता आणि गोळ्यामागे डोळे मिटून न्यायगुरू उभे होते.

"हा सत्यगोल!" गुरू गरजले. "ह्यात आकाशातली वीज नांदते. खरं बोलणाऱ्याची ती आई. खोटं बोलणाऱ्याची..."

"सासू!" मागून कोणीतरी पुरवलं.

"न्यायाला विनोद सोसत नाही," गुरू म्हणाले आणि त्यांनी परत डोळे मिटले.

झालं होतं असं की, एका गृहस्थांचा कोट धुलाईला आला, धुऊन परत गेला आणि कोटाच्या आतल्या खिशात आपण सोन्याची साखळी ठेवली होती, असं त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी आठवलं. आता अशा वेळी माणूस यंत्रांच्या जाळ्या उघडतो, गटार उपसतो, फार तर पोलिसांकडे जातो. आमच्या मालकांनी न्यायगुरू बोलावले. गटारात हात घालावा लागत नाही, हा गुरूंचा मोठाच फायदा.

गुरूंच्या अटी होत्या. दोन दिवस बॉयलर बंद, धुलाई बंद, खिडक्या बंद. "ओलावा म्हणजे असत्य," त्यांनी बजावलं होतं. "पाणी जे भांडं मिळेल त्याचा आकार घेतं. त्याला स्वतःचं मत नसतं!" हे त्यांनी लॉन्ड्रीत उभं राहून सांगितलं. ज्या पाण्यावर तीस घरांच्या चुली पेटतात, त्या पाण्याची अशी अब्रू काढली तरी आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वाळवणीच्या यंत्रांची गरम हवा खोलीत सोडून ठेवली होती. ओठ तडकायची वेळ आली होती.

परीक्षा सोपी होती. डोक्यावरची टोपी काढायची, प्लॅस्टिकच्या पालथ्या क्रेटवर उभं राहायचं, कारण जमिनीचा स्पर्श म्हणे सत्य गढूळ करतो. मग गोळ्यावर तळहात ठेवायचा. गुरू विचारणार, "सत्यगोला, ह्यानं साखळी घेतली?" खांबाच्या बुडाशी त्यांचा पन्नाशीचा, गरगरीत शिष्य मांडीवर शाल पसरून बसला होता आणि "हूंऽऽ" असा अखंड सूर लावत होता. एकेकजण चढला, उतरला. काही झालं नाही. "सत्य!" गुरू म्हणत आणि माणूस नव्यानं जन्माला आल्यासारखा खाली उतरे.

मी कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावतो. कोणता शर्ट कोणाचा, हे सांगणारा ह्या इमारतीतला मी एकटाच. माझी पाळी आली तशी मी टोपी काढली. गुरूंनी माझं डोकं पाहिलं. त्यावर केस म्हणून नाही. "ह्यांचं राहू द्या," ते घाईनं म्हणाले. "ह्यांचा चेहराच सांगतोय." टकलामुळे झालेला हा माझ्या आयुष्यातला पहिला फायदा.

माझ्यामागे माझी धाकटी बहीण होती. बारा वर्षं ती वाफेच्या इस्त्रीवर उभी आहे. ती क्रेटवर चढली, हात ठेवला. शिष्याचा सूर एकदम चढला. आणि तिच्या कपाळावरची एक बट हलली. मग दुसरी. बघता बघता डोक्यावरचे सगळे सुटे केस ताठ उभे राहिले आणि खोलीतून किंकाळी उठली. गुरूंनी बोट रोखलं, ते बोट तिच्या नाकाजवळ नेलं आणि कट्‌ असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली.

"आई गं!" धाकटी कळवळली.

"असत्य!" गुरू म्हणाले.

"मला वाटलंच होतं," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता कोटवाले गृहस्थ येणार, त्यांच्यासमोर अंतिम निवाडा होणार. तोवर साखळी परत दिली नाही तर तिला पोलिसांच्या हवाली करायचं आणि तिचा फोटो 'चोर' म्हणून लॉन्ड्रीच्या दारावर लावायचा. तिला दोन मुलं आहेत आणि दोघांची शाळेची वाट ह्या दारावरून जाते.

आता मी मोठा चिकित्सक, सगळ्या बुवांची टर उडवणारा. पण खरं सांगायचं तर ते केस उभे राहिले तेव्हा माझ्याही मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला. घेतली असेल का हिनं? घरी जाताना रस्ताभर मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिला वाटलं, मी संतापलोय. मला आजही त्याची लाज वाटते.

घरी गेल्यावर ती रडेल, असं मला वाटलं होतं. ती हातात कंगवा घेऊन बसली आणि बराच वेळ कंगव्याकडेच बघत राहिली.

"दादा, वाळवणीतून ते नायलॉनचे पडदे काढताना काय होतं रे?"

"चटके बसतात. तडतडतात."

"आणि माझे केस उभे राहतात. रोज. पडद्यांशी मी काय खोटं बोलते?"

तिनं कंगवा खाली ठेवला.

"त्यांच्यावर वाफ सोडली की?"

"गप्प बसतात," मी म्हणालो आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. बॉयलर का बंद ठेवायला लावला, खिडक्या का लावून घेतल्या, जमिनीवर पाय का टेकू दिला नाही, टक्कल का नको. गुरूंच्या सगळ्या पवित्र अटी वाळवणीच्या खोलीतल्या कुठल्याही बाईला तोंडपाठ होत्या. फक्त तिला त्या मंत्रासारख्या म्हणता येत नव्हत्या.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला कामावर हजर. मुकादम दचकले. ती म्हणाली, "हॉटेलच्या चारशे चादरी दोन दिवस तुंबल्यात. त्यांच्या मॅनेजरचा फोन आला तर गुरू घेणार का?" फोन तेवढ्यात आलाच. मॅनेजर काय बोलला ते कळलं नाही, पण मालकांचा चेहरा लिंबासारखा पिळला गेला. सत्य आपल्या जागी आणि गिऱ्हाईक आपल्या जागी. "बारापर्यंत आटपा," ते म्हणाले आणि बॉयलर पेटला.

बॉयलरकाका बायकोपेक्षा बॉयलरशी जास्त बोलतात. त्यांनी धाकटीला विचारलं, "किती वाफ सोडू गं?"

"आहे तेवढी, काका. गळके नळपण उघडा."

बारा वाजता गुरू आले तेव्हा घडीच्या खोलीत समोरचा माणूस धूसर दिसत होता. कोटवाले गृहस्थ दर मिनिटाला चष्मा पुसत होते. भिंतींवरून ओघळ वाहत होते. गुरू उंबऱ्यातच थबकले.

"हे काय?"

"चादरी," मुकादम म्हणाले.

"अपवित्र! निवाडा उद्या होईल."

"उद्या का?" धाकटीनं विचारलं. "आकाशातली वीज ना ती? भर पावसात कडाडते. मग आमच्या वाफेनं तिला सर्दी होते?"

कोणीतरी फिसकन हसलं. कोटवाले म्हणाले, "मी कामावर रजा टाकून आलोय. होऊन जाऊ दे." एवढ्या लोकांपुढे मालकांना नाही म्हणवेना.

धाकटी क्रेटवर चढली. गोळ्यावर हात ठेवला. शिष्यानं सूर लावला. काही नाही. शिष्य वरच्या पट्टीत गेला. तरी काही नाही, केस घामानं कपाळाला चिकटलेलेच. "हूंऽऽ" आता इतकं वाढलं की, शिष्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि त्या सुराच्या खालून दुसराच एक आवाज यायला लागला. घर्रर्र. मग दमट पट्टा निसटल्याचा कुईऽऽ. माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघत नाही.

धाकटीनं खाली वाकून पिवळं कापड ओढलं.

आत पांढरा प्लॅस्टिकचा जाड पाइप होता, न्हाणीघराच्या सांडपाण्याला असतो तसा. वर चकचकीत गोळा म्हणजे तोंडाला तोंड लावलेले कणीक मळायचे दोन स्टीलचे वाडगे. पाइपातून वरखाली फिरणारा रबरी पट्टा, बुडाशी शिलाई मशीनची जुनी मोटर आणि मोटरचं बटण शिष्याच्या शालीखाली, पायाच्या अंगठ्याशी. एवढं सगळं भंगारवाल्याकडे एका फेरीत मिळेल.

"ही देवाची योजना आहे," गुरू म्हणाले, पण आवाज बसला होता.

"थांबा, देवाला घाम आलाय, पुसून घेऊ," धाकटी म्हणाली. तिनं आणि बॉयलरकाकांनी ते सगळं लटांबर क्रेटसकट उचलून पलीकडे वाळवणीच्या खोलीत नेलं. तिथली हवा पापडासारखी कोरडी. पाइप आणि पट्टा कोरड्या गरम टॉवेलनं पुसला. मग ती मालकांकडे वळली. "मालक, चढा."

"मी? मी कशाला?"

"साखळी तुम्ही घेतली नाहीत ना? मग?"

मालक चढले. उजव्या कानावरचे केस तेल लावून डाव्या कानापर्यंत आणायचे, ही त्यांची वीस वर्षांची मेहनत. त्यांनी तळहात टेकवला, धाकटीनं बटण दाबलं आणि एक-दोन-तीन म्हणेस्तोवर ती सगळी मेहनत छतापर्यंत निघाली.

"सत्यगोला," मुकादम टेबलावरच्याच ऐटीत म्हणाले, "ह्यांनी साखळी घेतली?"

हशा असा पिकला की, वाळवणीची यंत्रं ऐकू येईनात. मालक उतरायच्या घाईत लोखंडी दाराच्या कडीला चिकटले आणि कट्‌! नाकाऐवजी बोटावर ठिणगी. "आई गं," तेही म्हणाले. ह्या गडबडीत न्यायगुरू आणि शिष्य मागच्या दारानं पसार झाले. वाडगे राहिले.

गुपित एवढंच. दोन वस्तू घासल्या, एकमेकींना चिकटून सुटल्या की वीज साचते. पट्टा ती उचलून वाडग्यांवर नेऊन ठेवतो. जमिनीपासून तुटलेल्या माणसानं हात लावला की, ती त्याच्या केसांपर्यंत जाते आणि सारखीच वीज असलेले केस एकमेकांना ढकलत दूर पळतात. दाब हजारो व्होल्टचा, पण वीज चिमूटभर, म्हणून ठिणगीवर भागतं. घरातल्या प्लगमधली वीज असं भागवत नाही, तिच्या वाटेला कोणी जाऊ नये. आणि हवा दमट झाली की, साचलेली वीज ओल्या पाइपावरून निसटून जाते. चोर कोण, हे वाडग्यांना कधीच माहीत नव्हतं. ते शिष्याच्या अंगठ्याला माहीत होतं, आणि अंगठ्याला सांगितलं होतं मालकांनी. आदल्या दिवशी गुरूंनी त्यांना सहज विचारलं होतं, "तुमचा संशय कोणावर?" मालकांनीच हे नंतर कबूल केलं. तिच्याच हातून तो कोट इस्त्री झाला होता, एवढाच पुरावा.

साखळी सापडली नाही. जाळ्या उघडल्या, गटारही उपसलं. कोटवाले गृहस्थ जाताना म्हणाले, "बहुतेक मी ती कोटात ठेवलीच नसेल." लोक अजून मला गाठून विचारतात, "मग घेतली कोणी?" मी म्हणतो, माहीत नाही. त्यांना ते आवडत नाही. 'माहीत नाही' हे दोन शब्द आपल्या घशाखाली उतरत नाहीत, म्हणून असे गुरू आपल्या दारात उभे राहतात. तुमच्या दारात आला तर त्याचं कापड आधी वर करा.

चार दिवसांनी मी धाकटीला सांगून टाकलं. "त्या दिवशी मलाही वाटलं होतं गं. तूच घेतलीस म्हणून."

ती चादरीवर वाफ सोडत होती. हात थांबला नाही.

"मग विचारलं का नाहीस?"

साठ माणसं होती त्या खोलीत, मालक होते, मुकादम होते, सख्खा भाऊ होता. साखळी घेतलीस का, असं तिला तिच्या तोंडावर एकानंही विचारलं नव्हतं.

"नाही घेतली," ती म्हणाली आणि तिनं पुढची चादर ओढली.