भाकरीविना तांबडा रस्सा

माघातली संध्याकाळ हिरण्यकेशीच्या पाण्यावर उतरते ना, तेव्हा ती आधी गुळाच्या रंगाची असते. मग तांब्याची. मग राखेची. काठावरच्या गुऱ्हाळांतून मधुगंधी, मंदगती धूर निघतो आणि अख्ख्या गावाच्या केसांत गोडवा माळून जातो; ज्याला गोड चालतं त्याच्याही, ज्याला चालत नाही त्याच्याही.

दिनकर मोरबाळेंना चालत नव्हतं.

गावाची ज्वारी दळणारा हा शुभ्रभुवई माणूस. पीठ भुवयांत, पीठ कानांच्या पाळ्यांवर, पीठ श्वासात. गिरणीच्या कापडी नळ्यातून ऊन-ऊन पीठ झरू लागलं की चिमूट उचलायची, बोटांत चोळायची, जिभेवर ठेवायची आणि मगच डबा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. सारा जन्म हेच. आणि आता पायाच्या अंगठ्यावर एक जखम, काळीनिळी, कमळासारखी उमललेली, मिटायचं नाव न घेणारी. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

तेव्हा शलाका उभी राहिली. त्यांची नववीतली लेक, नव्या आत्मविश्वासानं नुसती लखलखणारी, विजेची जणू धाकटी बहीण. तिनं मोबाइलवर पॅलिओ शोधून काढलं: अश्मयुगातल्या माणसाचं जेवण. मांस, अंडी, भाज्या. ज्वारी नाही, भात नाही, डाळ नाही, दूध नाही, गूळ तर नाहीच नाही. आईनं विचारलं, तूप तरी? चमचाभर चालतं, असं सांगून शलाकानं अश्मयुगाच्या वतीनं परवानगी देऊन टाकली. पप्पा हसले. म्हणाले, मग मिक्सर कसा चालतो, मसाला दगडावर वाट की.

तिनं खरंच वाटला.

वरवंटा पुढे गेला, वरवंटा मागे आला. भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, आलं, लसूण, सारं त्या काळ्या पाषाणावर एकजीव झालं, सुगंधाची दाट साय झालं. हळद-मिठाची कोंबडी मंद आचेवर हलके हलके मऊ होत गेली. मग कांदा-लसणाची चटणी पडली, आणि पातेल्यात सूर्य मावळला! अरुणवर्ण, अग्निगर्भ, वर तरंगणारा तेलाचा कट असा, की त्यात आपलं तोंड दिसावं.

चुलीशेजारचा खिळा मात्र रिकामा होता. पप्पांना एकट्यानं भाकरीवाचून राहायला नको, म्हणून आईनं तवाच माळ्यावर टाकला होता.

ताटं मांडली. पप्पांनी रस्सा जिभेवर घेतला, डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांचा हात ताटाच्या उजव्या कडेला गेला. बोटांनी तिथली भाकरी मोडली. तिथे भाकरी नव्हती. बोटं हवेतच थांबली, दोन क्षण, वाट चुकलेल्या पाखरासारखी.

"शलू," ते म्हणाले, हळू, माफी मागितल्यासारखं, "रस्सा लई भारी झालाय गं. पर ह्यो खायाचा कशासंगं?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेली शलाका. तिनं वाफवलेलं कोबीचं पान पुढे केलं, ह्यात गुंडाळून खावा की, म्हणाली. त्यांनी आज्ञाधारक मुलासारखं गुंडाळलं. पान फाटलं. तांबडा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्यांनी दुसरं पान घेतलं. तेही फाटलं. तरी ते खात राहिले, तिच्यासाठी, अंगठ्यासाठी. आणि आई उगाचच पाणी आणायला उठली.

एवढ्यात बाहेरून कुणीतरी दळणासाठी हाक मारली. पप्पा हात धुऊन, लंगडत घरालगतच्या गिरणीत गेले. शलाका उरलेली पानं हातात घेऊन दारापर्यंत मागोमाग गेली.

पट्टा फिरला. दगडावर दगड गरगरला. नळ्यातून शुभ्र, उष्ण, कोवळ्या गंधाची धार झरू लागली. पप्पांनी चिमूट उचलली, बोटांत चोळली, ओठांपाशी नेली. आणि त्यांना दारात लेक दिसली.

हात तिथेच राहिला. चिमटीतून पीठ सांडत राहिलं, बारीक, बारीक. 'नको' हा एवढासा शब्द तिच्याही ओठांवर होता. तो उचलेना.

तिनं तोंड फिरवलं. नदीकडे.

पाण्यावरचा गूळ विझला होता. तांबंही विझलं होतं. पाठीमागे गिरण घरघरत होती, आणि हिरण्यकेशीवर राख उतरत होती, पिठासारखी, मऊ, मुकी, चिमूट चिमूट.