डबीतला गोळा

किळस आली. खरं सांगतो, दोन दिवस झाले, तोंडाची चव काही जात नाही.

माझी जोगेश्वरीला पिठाची गिरणी. दिवसभर गहू दळायचा आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, हेच केलं जन्मभर. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता खोक्यासारखा वाजतो. पीठ माझ्या गिरणीतलं, मळणार माझी बायको सुगंधा. लग्न झाल्यापासून दर भजनाला ती स्टीलच्या डबीत एक गोळा घालून देते. डबी रिकामी परत आली की घासून ठेवते. सुरातलं तिला काही कळत नाही, पण कणीक किती सैल हवी ते तिच्याइतकं कोणाला कळत नाही.

परवा मंडळाला पन्नास वर्षं झाली. कांदिवलीला एसी हॉल घेतलेला. आमचे बुवा गेल्यापासून मंडळ त्यांचा मुलगा सुबोध बघतो. बघतो कसला, वाट लावतो! शेवटच्या गजरात एकट्या पखवाजाचा तुकडा होता आणि त्यानंतर माझा सत्कार. त्या तुकड्यासाठी दोन महिने रोज रात्री गिरणी बंद झाल्यावर पिठाच्या गोणींमध्ये बसून मी हात घासला. सहासष्ट वय झालं, बोटं आखडतात. पुढच्या वर्षी हात चालेल याची खात्री नाही. एकदाच, सगळ्यांसमोर, मनासारखं वाजवायचं होतं. बाकी काही नको होतं मला.

स्टेजवर बसून डबी काढली तोच सुबोध धावत आला.

"काका, कणीक नको हां! गालिचा खराब होतो, हॉलवाले बोंबलतात."

"मग हा घुमणार कसा रे?"

"घुमायचं कशाला? सगळं रेकॉर्ड करून आणलंय ना. पखवाजपण. स्टुडिओत एकाने मशीनवर वाजवलाय, झकास झालाय. तुम्ही फक्त हात हलवा. तुमचा माइक बंद आहे."

"मेल्या, तुझा बाप घसा बसला तरी गायचा, पण असली थेरं नाही केली त्याने!"

"पप्पांचा जमाना गेला, काका. नसेल जमत तर उठा. प्रांजल बसेल. हातच तर हलवायचेत."

प्रांजल म्हणजे मंडळात झांज वाजवणारा. त्याला पखवाज धड मांडीवर घेता येत नाही.

उठायला हवं होतं. पखवाज उचलून चालू पडायला हवं होतं. पण समोर पहिल्या रांगेत सुगंधा नवी साडी नेसून बसली होती. आजूबाजूला गिरणीवरची गिऱ्हाइकं. आणि खोटं कशाला बोलू, त्या शालीचाही मोह होताच. डबी गुपचूप पिशवीत टाकली आणि बसून राहिलो. थू माझ्या जिंदगानीवर!

गजर लागला. माझा तुकडा आला, पण माझा नव्हताच तो. भलतंच काहीतरी तडातडा वाजत होतं आणि मी त्याच्यामागे हात फिरवत होतो. बोटं कातड्याला लागू नयेत म्हणून जपत होतो. जन्मभरात पखवाजाला हात लागू नये म्हणून कधी जपलं नव्हतं. हॉलमधले लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले. सुबोधने शाल घातली, कानात म्हणाला, "बघितलंत? कोणाला कळलं तरी का!"

घरी येताना रिक्षात सुगंधाची टकळी चालूच होती. "अहो, आज काय हात सुटला होता तुमचा! इतक्या वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

घरात आल्या आल्या तिने सवयीने पिशवीतून डबी काढली, घासायला म्हणून मोरीवर नेली आणि तिथेच झाकण उघडलं. सकाळी घातलेला गोळा तसाच. वरून जरा सुकलेला, बोटाचा ठसासुद्धा नाही.

ती डबी हातात घेऊन बाहेर आली. शाल अजून माझ्या अंगावरच होती.

"अहो," ती म्हणाली, "मग वाजवत कोण होतं?"