पेरसाकाकूंच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण

पेरसाकाकू ऑगस्टच्या शेवटी गेल्या. त्यांचा चाळिसावा दिवस आला ऑक्टोबरात, आणि तोही शुक्रवारी. शनिवारी करावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण त्या शनिवारी पाद्रीबाबांना दोन लग्नं लावायची होती. शुक्रवार म्हणजे उपास. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-चीजसुद्धा नाही. तीस माणसांचा स्वयंपाक, आणि सगळा भाज्यांचा.

"बरंच झालं," त्यांची सून रूझा मला म्हणाली. "भाज्या मळ्यात आहेतच."

मी शेजारची. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये फक्त एक कुंपण आहे, तेही अर्धं पडलेलं. रूझा लग्न होऊन आली ती वीस वर्षांपूर्वी. तिचा नवरा ताशे दूर परदेशात, लुब्लियानाला इमारतींच्या कामावर असतो, वर्षातून दोनदा येतो. म्हणजे संसार खरा झाला तो या सासू-सुनांचाच. आणि काकू गेल्यापासून रूझाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. मातीच्या वेळीही नाही. गावात त्याची चर्चा होती.

गुरुवारी सकाळी मी मदतीला गेले, तेव्हा तिनं अंगणात पत्र्याची चूल पेटवून लाल मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. आमच्या या लांबट, जाड सालीच्या मिरच्या तिखट नसतात. साल काळी पडेपर्यंत भाजायच्या, झाकणाच्या पातेल्यात टाकून घाम येऊ द्यायचा, मग साल हातानं सुटते. मी सोलायला बसले. बाजूला पांढरा घेवडा उकळत होता. लीकच्या, म्हणजे कांद्याच्याच जातीतल्या भाजीच्या, जाड पाती धुऊन ठेवल्या होत्या, चिखल काढून, एका मापाच्या कापून. तांबडा भोपळा किसून झाला होता.

"कधी उठलीस गं?" मी विचारलं.

"माहीत नाही. अंधार होता."

"काही खाल्लंस?"

तिनं थोडा विचार केला. "खाल्लं असेल."

दहाच्या सुमारास दोन्कामावशी आल्या. काकूंची ही धाकटी बहीण गावाच्या खालच्या आळीत राहते. त्यांनी पातेल्यांवरची झाकणं उचलून पाहिली.

"एवढा स्वयंपाक एकटीनं? लोकांनी म्हणावं, केवढी गुणाची सून."

"लेन्चे आहे ना मदतीला," माझ्याकडे मान करत रूझा म्हणाली.

"माझी बहीण गेली रूझा. तुझी सासू असली तरी माणूसच होती. एक टिपूस तरी काढायचास चार लोकांत. मिरच्यांच्या धुरानं माझ्यासुद्धा डोळ्यांना पाणी येतंय."

मला राग आला. रूझाला आला नाही. तिनं मिरची उलटवली. "येत नाही मावशी. मी काय करू?" ती म्हणाली, जणू विहिरीला पाणी का येत नाही असं कुणी विचारलं होतं. मावशींनी मग बाही वर केली आणि त्या माझ्याशेजारी सोलायला बसल्या.

दिवसभर रूझा न थांबता काम करत राहिली. मिरच्यांना लसूण आणि तेल लावलं. मातीच्या पसरट भांड्यांत घेवडा भरून, वर कांदा आणि सुक्या मिरच्या घालून भट्टीत सरकवला. लीक तांदळाबरोबर शिजवला. भोपळ्याचा कीस पातळ पोळ्यांत गुंडाळून भाजला. सगळं बेतशीर, सगळं वेळेवर. चव मात्र तिनं कशाचीच बघितली नाही. माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी कबरीवर मेणबत्त्या लावून, उकडलेले गहू वाटून सगळे घरी परतले. ताशे आदल्या संध्याकाळीच पोचला होता. द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं जोडली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, लोकांनी चमचे उचलले, आणि दोन-तीन घासांनंतर टेबल गप्प झालं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मी घेवडा तोंडात घातला. त्यात मीठ नव्हतं. मिरच्यांत नव्हतं, लीकमध्येही नव्हतं.

"रूझा," दोन्कामावशी म्हणाल्या, "मीठ विसरलीस."

रूझा पाव वाटत होती. "नाही विसरले. घातलंच नाही. आईंना चालत नाही ना."

ताशेनं मान खाली घातली. रूझा हातातल्या पावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां. खरंच की." आणि घरात गेली.

मी मागोमाग गेले. ती फडताळासमोर उभी होती.

"कोबी खारवायचं जाडं मीठ आहे तळघरात," ती म्हणाली. "जेवणातलं नाहीये. नऊ वर्षं आणलंच नाही. डॉक्टरांनी बंद केलं तेव्हा आई म्हणाल्या, तू तुझं वेगळं कर. पण दोन पातेली कोण करणार?"

"मी आणते माझ्याकडचं. तू बस."

मी कुंपणावरून जाऊन मीठ आणलं. वाट्या फिरल्या, लोकांनी आपापल्या ताटात भुरभुरवलं आणि पुन्हा बोलू लागले. वाटी दोन्कामावशींकडे आली, तेव्हा त्यांनी ती पुढे सरकवली.

"नऊ वर्षं पेरसा हे खात होती होय?" त्यांनी मला विचारलं.

"दोघीही, मावशी."

"मी यायचे, कॉफी प्यायचे, निघायचे. एकदाही जेवले नाही इथं." त्यांनी ताट जवळ ओढलं आणि बिनमिठाचा घेवडा शेवटपर्यंत खाल्ला. हळूहळू, औषध घ्यावं तसा.

लोक गेल्यावर त्या भांडी घासायला बसल्या. रूझा फडकं घेऊन आली तेव्हा त्यांनी ते हातातून काढून घेतलं. "जा, पड जरा." रूझा गेली, बूटही न काढता आडवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली.

रविवारी ताशे निघाला. बस यायच्या आधी तो तिला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. इथं आता कोण आहे?"

"कोबी उभा आहे मळ्यात," ती म्हणाली.

"कोबीसाठी राहणार?"

"आत्ता तरी हो. पुढचं मला दिसत नाही, ताशे. दिसलं की सांगेन."

तो एकटाच गेला. आता डिसेंबर चाललाय. तिला रडताना मी अजून पाहिलेलं नाही. दोन्कामावशी शनिवारी येतात, जेवून जातात. दोघी फारसं बोलत नाहीत. परवा मावशी म्हणत होत्या, लीक जरा जास्तच शिजला. रूझा म्हणाली, "मग पुढच्या शनिवारी तुम्ही करा."