दोन वासरं मापाबाहेर

समीक्षा नावाची ती पोरगी पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा तिच्या गळ्यात शिंप्यासारखा टेप लटकत होता. मी ओट्यावर बसून भेंडी चिरत होते. म्हटलं, "काय वो, ब्लाउजाचं माप घ्याले आली का?"

"नाही आजी. तुमच्या वासरांच्या छातीचं."

"आता वासरंबी ब्लाउज घालून राह्यले का?"

आतून माझी सून अंकिता खिदळली. पोरगी मात्र लाजली नाही. ओट्यावर बसली, चहा प्याली आणि सगळं समजावून सांगितलं. मूळची समुद्रपूरची, जनावरांच्या डॉक्टरकीला शिकणारी. वासराच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप फिरवला की ते किती भरलं ते कळतं, वजनकाट्यावर चढवायची गरज नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. बाजारात मीही वासराची छातीच बघते, फक्त टेप लावत नाही.

हे सगळं चाललं होतं आनंदाबाईच्या खुराकासाठी. आनंदाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही, दारात एकच गाय. सरकीची ढेप, तुरीची चुनी, भाजलेलं जवस, गूळ आणि दवाखान्यातली खनिजांची पुडी, असं सगळं ती आपल्या अंदाजानं कालवायची आणि वासराला चारायची. तिच्याकडे पाहून अजून दोन घरांनी तसं सुरू केलं. मग गोष्ट दूध सोसायटीत गेली. सोसायटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल म्हणाला, "खुराकानं खरंच फरक पडते असं दाखवा, मंग साऱ्या सभासदाइले आनंदाबाईच्याच हातचा खुराक देऊ." म्हणजे बाईला बारा महिने घरच्या घरी काम. दुसऱ्याच्या वावरात वाकायला जाणं सुटलं असतं. तिनं तर तेवढ्या बोलण्यावर मागचं टिनाचं शेड साफ करून पांढऱ्या मातीनं सारवूनही घेतलं होतं.

ते दाखवायचं काम समीक्षानं घेतलं. गावातली सारख्या वयाची बारा वासरं घेतली. अर्ध्यांना खुराक द्यायचा, अर्ध्यांना रोजचंच कुटार, म्हणजे भुसा, आणि वैरण. कोणतं वासरू कुठं, ते ठरवायला प्रफुल्लच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. मी म्हटलं, "चिठ्ठ्या कायले? खुराकाले चांगले धडधाकट वासरं निवडून घे ना."

"निवडलं की निकाल माझ्या हातात जातो, आजी," समीक्षा म्हणाली. "चिठ्ठी कोणाची बाजू घेत नाही."

आमच्या चांद्या आणि पाखरी, दोघांच्याही चिठ्ठ्या खुराकात निघाल्या. आमच्या गायी गवळाऊ जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा वाण. रोज सकाळी आनंदाबाई घमेलं घेऊन यायची, आपल्या हातानं चारायची, काहीतरी पुटपुटत पाठ खाजवायची. दिवाळीपर्यंत दोन्ही वासरं अशी भरली की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. कोणी विचारलं तर मी सांगायची, "वाण आहे आमचा. आन् हात लागते जनावराले." खुराकाचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

दिवाळीनंतर आनंदाबाईचं स्वतःचं वासरू पोट फुगून मेलं. ते चिठ्ठ्यांमधलं नव्हतं, लहान होतं. मी भेटायला गेले, चार शब्द बोलले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती आमच्या गोठ्यात उभी होती. चांद्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "किती भरला वो काकू हा! पाह्यतच राहावं वाटते."

दुसऱ्या दिवशी चांद्यानं वैरणीला तोंड लावलं नाही.

रात्री त्यानं दावं तोडून ओल्या शेंगांच्या ढिगात तोंड घातलं होतं, हे मला माहीत होतं. टरफलं मीच झाडली होती. तरी मी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या आणि घरात कोणालाच ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर होती, हे आमच्याकडे लहान लेकराला कळतं. चांद्या संध्याकाळी उठून खायला लागला. मी आनंदाबाईला सांगितलं, "उद्यापासून घमेलं फाटकाजवळच ठेवत जाय. आत येऊ नको, गोठ्यात घसरण झाली." ती तसंच ठेवत गेली.

शेवटच्या मापाचा दिवस आला. वासरं आनंदाबाईच्या हाताला शांत उभी राहतात म्हणून तीच प्रत्येक घरी वासरू धरणार होती. हे मला आदल्या दिवशी कळलं. सकाळीच मी दोन्ही वासरं मागच्या कुटाराच्या कोठ्यात नेली आणि दार ओढून घेतलं.

अंकिता मागून आली. "आई, हे काऊन करून राह्यले तुमी?"

"तुले काय करायचं?"

"तिच्याच खुराकानं वाढले ना ते?"

"म्हणून काय तिच्या डोयापुढं उभे करू? तू आपल्या भाकरी पाह्य."

माणसं आली तेव्हा मी फाटकातच उभी होते. म्हटलं, "आमचे दोन्ही आर्वीले धाडले. लेकीकडं."

समीक्षाचा चेहरा उतरला. "दोन्ही? आजी, आधी सांगायचं ना. आता माझ्याकडं दहाच राहिली."

"लेकीच्या घरच्यानं मागितले. जावयाले नाई म्हणू का?"

आनंदाबाई मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "चला मंग पुढच्या घरी." तिचा आवाज निघाला तसा कोठ्यातून चांद्या हंबरला. मी मोठ्यानं खाकरले. प्रफुल्लनं लक्ष दिलं नाही, समीक्षा टेप गुंडाळत होती. आनंदाबाई खाली पाहत चालायला लागली. तिला कळलं नसेल, असं मी दिवसभर मनाला सांगत राहिले.

निकाल सोसायटीच्या ओसरीवर सांगितला. समीक्षा म्हणाली, खुराकाच्या वासरांची सरासरी छाती बाकीच्यांपेक्षा जेमतेम बोटभर जास्त आहे.

"मंग झालं ना सिद्ध!" कोणीतरी म्हणालं.

"नाही हो. असं समजा, शाळेतल्या एकाच वर्गातली पोरं चिठ्ठ्या टाकून दोन रांगांत उभी केली. कोणालाच काही वेगळं खाऊ घातलं नाही. तरी एक रांग दुसरीपेक्षा थोडी उंच निघेलच ना? इथं वासरं कमी आहेत आणि त्यांच्यात आपसातच लहानमोठेपणा बराच आहे. एवढा बोटभर फरक नुसत्या चिठ्ठ्यांच्या नशिबानंसुद्धा पडू शकतो. खुराकानंच पडला, असं मी लिहू शकत नाही."

प्रफुल्ल म्हणाला, "मंग सोसायटीले नाई जमत. सभेत मले लोक विचारतीन."

आनंदाबाई कोपऱ्यात बसली होती. ती उठली नाही, रडली नाही. फक्त समीक्षाला विचारलं, "ताई, माया हातून काई कमी पडलं का? शेवटी शेवटी जवस घाईनं भाजलं मी. वासरू गेलं होतं ना, ध्यान नव्हतं."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी. दोन वासरं कमी पडली. ती असती तर कदाचित वेगळं दिसलं असतं, कदाचित नसतंही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण माझ्याकडं पाहणाऱ्यांत माझ्यापुढं आजवर मान वर न केलेली माणसं होती. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "देल्ले ते देल्ले. लेकीच्या घरून वासरं वापस आणू का आता?"

दुसऱ्या दिवसापासून आनंदाबाई कापूस वेचायला जाऊ लागली. सकाळी कमरेला ओटी बांधून आमच्या फाटकावरून जायची. रामराम करायची, पहिल्यासारखाच. तिनं मला टाळलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मी दुप्पट शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. मला भांडण चांगलं जमतं. रामरामाला काय उत्तर द्यावं, ते जमेना. वासरं अजून कोठ्यातच होती, कारण आर्वीहून परत कशी आली, ते सांगावं लागलं असतं. अंधारात राहून पाखरीचे डोळे चिकटले. अंकिता कोमट पाण्यानं पुसायची आणि माझ्याशी बोलायची नाही.

शेवटी समीक्षा कागदांवर प्रफुल्लची सही घ्यायला आली, तेव्हा मी सोसायटीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"वासरं घरीच आहेत," मी म्हटलं. "त्या दिवशीबी घरीच होते."

समीक्षानं पेन खाली ठेवला. "मग?"

"बिमार होते."

"काय झालं होतं? मला लिहावं लागेल."

तिनं पेन उचललेला पाहून माझी खोटं बोलायची हिंमत गेली. "काई नव्हतं झालं. नजर लागंल म्हणून लपवले."

"कोणाची नजर?"

प्रफुल्लला कळलं होतं. तो दुधाच्या कॅनकडं पाहायला लागला. उभ्या आयुष्यात मी एवढ्या बारीक आवाजात बोलले नसेन. "आनंदाबाईची."

समीक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "आजी, ती दोन किती मोठी आहेत?"

"गावात तेवढे कोणाचेच नाईत."

"म्हणजे तुम्ही कोणतीही दोन नाही काढली. एकाच बाजूची सगळ्यात भरलेली दोन काढली. त्या बाजूची सरासरी खाली आली ती तुमच्यामुळं. मी चिठ्ठ्या टाकून कोणाचा हात लागू दिला नव्हता. तुमचा लागला."

"आत्ता आणून उभे करतो. मोज," मी म्हटलं.

"निकाल ऐकल्यावर नेमकी तीच दोन मोजायची, ती पण लबाडीच होईल. मधल्या दिवसांत ती वाढलीही असतील. मोजायची तर सगळी, पुन्हा, एकाच दिवशी."

प्रफुल्लनं कुरकुर केली, मग हो म्हणाला. "पण आनंदाबाईले तुमीच सांगा, काकू. मी नाई सांगत."

ती दारात बसून बोटांना खोबरेल लावत होती. कापसाच्या बोंडांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नजरेचंही सांगितलं. आडवळणानं सांगायला गेले, पण शब्द सापडले नाहीत, म्हणून सरळच बोलले.

"मले माहीत होतं, काकू," ती म्हणाली. "चांद्या माया आवाजावर हंबरते. चार महिने चारलं मी त्याले."

"मंग बोलली काऊन नाई? तवाच बोलायचं ना, मायावर चढायचं!"

"काय बोलू? वासरू मेलेल्या बाईनं तुमच्या दारात उभं राहून म्हणावं का, काकू, वासरं दाखवा म्हणून?"

मला हजार उत्तरं येतात. सासूला आली, दिरांना आली, तलाठ्याला आली. तिला एवढंच म्हटलं, "उद्या सगळे मोजणार हायेत. येजो."

"येईन. कामासाठी येईन."

निकाल सांगून टाकते, कारण गावात आता तोच सांगतात. सगळी वासरं एका दिवशी मोजली. खुराकाची बाजू दोन बोटं पुढं निघाली. समीक्षा म्हणाली, आमची दोन धरून एवढा फरक नुसत्या नशिबानं पडणं कठीण आहे. ती जपूनच बोलते, पण प्रफुल्लला तेवढं पुरलं. आनंदाबाईच्या शेडात आता ढेपेची पोती आहेत. लोक मला म्हणतात, काकूंनी मोठं मन केलं. मी त्यांना काही सांगत नाही, आणि ऐकून मला बरंही वाटत नाही.

कारण माझ्या डोळ्यांपुढं दोन बोटं येत नाहीत, आमच्या अंगणातलं माप येतं. मी स्वतः फाटक उघडून तिला म्हटलं, "ये, आत ये." ती आली. मी वासरं बाहेर काढली. उजेडात आल्याबरोबर चांद्यानं दावं माझ्या हातातून ओढलं आणि सरळ तिच्याकडं गेला, तिचं कोपर चाटायला लागला. तिनं दोन्ही हातांनी त्याची मान धरली, आणि तोंड फिरवून भिंतीकडं केलं.

"पाह्य ना त्याच्याकडं, आनंदा," मी म्हटलं.

"मोजा तुमी."

समीक्षानं टेप छातीभोवती फिरवून दोन्ही टोकं दाबून धरली. तिला वाकून आकडा दिसेना. प्रफुल्ल लिहायला दूर उभा. आकडा नेमका आनंदाबाईच्या हनुवटीखाली होता. समीक्षा म्हणाली, "मावशी, वाचा ना, तुमच्यासमोरच आहे."

आनंदाबाईनं डोळे मिटून घेतले. "काकू वाचतीन."

मी चौथी शिकले आहे. आकडे मला येतात. मी मातीत गुडघा टेकला, टेपजवळ तोंड नेलं आणि वाचला. आवाज नीट निघाला नसावा, कारण प्रफुल्लनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचला. चांद्या तिचा हात चाटतच होता, आणि तिनं अजून डोळे उघडले नव्हते.